तीनशे मुकी झाडं

"मामा, आमच्या नव्या बागेले याही साली फूल नाही आलं," बसच्या पायरीवरून उडी मारत स्मिता म्हणाली. "बाबा लय चिडून राह्यले."

श्रावणने तिच्या हातातली पिशवी घेतली, मागून उतरणाऱ्या तिच्या धाकट्या भावाला, गुणवंताला, काखेत धरून खाली ठेवलं आणि सौंसरच्या स्टँडवर उभ्या उभ्याच विचारलं, "एकही नाही?"

"एकही नाही. अन् काकाजीच्या बागेत जाय, फुलाच्या वासानं डोकं दुखते."

"असं का," श्रावण म्हणाला. चेहरा त्याने कसाबसा गंभीर ठेवला होता. आत मात्र उकळ्या फुटत होत्या. माणसाला इतका आनंद व्हावा आणि तो कोणाला सांगता येऊ नये, ही एक शिक्षाच. मग त्याने तो आनंद भाच्यांवर काढला. दोघांना समोरच्या हॉटेलात नेऊन गरम समोसे खाऊ घातले. गुणवंताला तिसरा हवा होता, तोही दिला. उद्या रविवारी स्मिताला बारावं लागणार होतं. वाढदिवसाच्या जवळच्या शनिवारी दोघं मामाकडे यायची आणि रविवारी संध्याकाळी बाप येऊन घेऊन जायचा, हा पाच-सहा वर्षांचा रिवाज. श्रावण आणि त्याची बायको चंद्रकला वर्षभर त्या दोन दिवसांवर जगायची. त्यांना मूल नव्हतं.

श्रावण संत्र्याची कलमं बांधायचा. जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपाला बारीक चीर द्यायची, त्यात संत्र्याच्या फांदीवरचा डोळा बसवायचा, सुतळीनं बांधायचं. हे करणारे सौंसर-पांढुर्ण्यात पुष्कळ. पण श्रावणने भरलेल्या शंभर डोळ्यांतले पंच्याण्णव जगायचे. ज्या झाडाचा डोळा, त्या झाडाचा गुण पुढे उतरतो. आणि डोळा कोणत्या झाडाचा, हे एकट्या कलमवाल्याला ठाऊक. फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात, तोवर सगळी झाडं सारखीच हिरवी दिसतात. म्हणून लोक आधी कलमवाल्याचा माणूस म्हणून विचार करायचे, मग त्याच्या हाताचा. श्रावणचं नाव दोन्ही बाबतीत चोख होतं.

त्याची धाकटी बहीण वत्सला पांढुर्ण्याकडे यशवंतरावांना दिली होती. ऐंशी सालच्या हिवाळ्यात तिला ताप भरला. बागेत संत्र्याची तोड चालू होती, व्यापाऱ्याचा ट्रक उभा होता. आज नेतो, उद्या नेतो करता करता यशवंतरावांनी सहा दिवस काढले. सातव्या दिवशी त्याच ट्रकात, उरलेल्या तणसावर निजवून तिला दवाखान्याकडे नेलं. ती वाटेतच गेली. तेव्हा स्मिता पाच वर्षांचीही नव्हती, गुणवंता तर नुकता चालायला लागला होता.

रागाचंही एक नेमकं ठिकाण असतं. तेराव्याच्या पंगतीत कोणीतरी यशवंतरावांना विचारलं, यंदा बाग कशी गेली? आणि तो माणूस ताटावरून मान वर करून म्हणाला, "बाकी काही म्हणा, भाव बरा लागला." श्रावण त्याच पंगतीत होता. हातातला घास त्याने पुन्हा पत्रावळीत ठेवला. त्या दिवसापासून त्या घरातलं पाणीसुद्धा त्याने घेतलं नाही.

वर्षभरात यशवंतरावांनी नलिनी नावाची दुसरी बायको केली. आणि पुढच्या थंडीत ते श्रावणच्या दारात आले. नवी बाग लावायची होती, तीनशे झाडांची. "कलमं तुमच्याच हातची पाह्यजे, श्रावणभाऊ. घरचा माणूस असतानी परक्याले काहून सांगू?"

श्रावणच्या मळ्यात विहिरीजवळ एक झाड होतं. काळंभोर हिरवं, भरगच्च, पाहत राहावं असं. पण वीस वर्षांत त्यावर एक फळ धरलं नव्हतं. शेजारीपाजारी त्याला वांझोटं म्हणत. श्रावणच्या घरात तो शब्द कोणी तोंडातून काढत नसे, चंद्रकलेसाठी. ती दोघं त्याला मुकं झाड म्हणत. तीनशेच्या तीनशे डोळे श्रावणने त्या झाडाचे काढले. पेरावं तसं उगवतं म्हणतात. श्रावणने समजून-उमजून न फळणारंच पेरलं. काम संपल्यावर यशवंतरावांनी त्याला शेला-नारळ दिला आणि त्याने तो हसून घेतला.

मग काय, झाडं वाढली. अशी वाढली की पूर्ण शिवारात तशी बाग नाही. यशवंतराव पाहुण्यांना मुद्दाम बांधावर नेऊन दाखवायचे. पाचव्या वर्षी फूल आलं नाही, तर लोक म्हणाले, घाई काय, सहाव्यात येईल. या वर्षी त्यांनी फूल फुटावं म्हणून पाणी तोडून झाडांना चांगला ताण दिला, मग पाणी सोडलं. सगळ्या मुलखात बहार फुटला आणि यशवंतरावांच्या बागेत नुसती पानं.

समोसे खाऊन झाल्यावर श्रावण मुलांना घेऊन जामसांवलीला गेला. निजलेल्या मारुतीपुढे त्याने नारळ फोडला. स्मिताने विचारलं, "मामा, काय मांगतलं?"

"मांगतलं नाही, बाई. भेटलं म्हणून फोडला."

"काय भेटलं?"

"तू आली नं," तो म्हणाला. खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं.

त्या रात्री त्याने मनातल्या मनात ते वाक्य पुन्हा घोळवलं. सहा वर्षं तो ते घासून-पुसून ठेवत होता. उद्या यशवंतराव मुलांना न्यायला आले की त्यांना अंगणाच्या कोपऱ्यात न्यायचं आणि शांतपणे सांगायचं: 'भाव बरा लागला होता नं, यशवंतराव? आता सांभाळा पानं.' सूड नुसता उगवून भागत नाही. ज्याच्यावर उगवला त्याला तो कळला पाहिजे, नाहीतर ती त्याच्यासाठी नुसती निसर्गाची अवकृपा.

रविवारी सकाळी चंद्रकलेने कढईत वाळू तापवून त्यात रव्याचा केक भाजला. शेवयांची खीर केली. गुणवंता दर पाच मिनिटांनी झाकण उघडून पाहायचा आणि मामीचा धपाटा खायचा. स्मिताला नवा फ्रॉक होता, थोडा ढगळ, कारण मामी पुढच्या वर्षाचाही विचार करायची. दुपार टळते न टळते तोच यशवंतराव आले, नेहमीपेक्षा लवकर. ओट्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. थकलेले दिसत होते. श्रावणला बरं वाटलं.

"कशी काय बाग?" त्याने विचारलं. मांजर उंदराला विचारतं तसं.

"पोट्टीनं सांगतलं असंल. कोरडी गेली." यशवंतरावांनी इकडेतिकडे पाहिलं. मुलं आत होती. "श्रावणभाऊ, एक गोष्ट सांगायची होती. मागच्या दसऱ्याले वाटणी कागदावर केली मी. जीवाचा भरोसा नाही. जुनी बाग नलिनीच्या पोराले. नवी या दोघाईले. रजिस्ट्री झाली."

श्रावणने झटकन विचारलं, "नवी काहून?"

"अहो, जुनी आता किती दिवसाची? झाडं वाळून राह्यली. चार-पाच वर्षांत सरपण होते तिचं. नव्या बागेसारखी हिरवी बाग कोनाची हाय, सांगा. म्हणलं, वत्सलाच्या लेकराईले चांगलं तेच द्या." मग खाली मान घालून म्हणाले, "तिच्या वक्ताले मी चुकलो. ट्रक गेला असता तं दुसरा आला असता. कोनापाशी बोललो नाही हे. तुमच्यापाशी बोलून राह्यलो."

हे वाक्य ऐकायला श्रावणने सात वर्षं काढली होती. आणि आलं ते असं, असल्या वेळी! तेराव्याला बोलला असतास तर मेल्या, श्रावणच्या मनात आलं, तर मी तुझ्या पायांवर रडलो असतो आणि तुझ्या बागेत सोन्यासारखे डोळे भरले असते. त्याला अजूनही त्या माणसाचा गळा धरावासा वाटत होता. पण राग कुठे ठेवावा ते कळेना. ज्या घरावर धोंडा टाकला, त्या घरात आपलीच लेकरं निजलेली निघाली होती.

गप्प बसता आलं असतं. हे त्याला सगळ्यात आधी सुचलं, उगाच खोटं कशाला सांगा. जमीन चुनखडीची निघाली म्हणता आलं असतं, पाण्याला दोष देता आला असता. कोणाला कळणार होतं? आणि ही दोघं पोरं मोठी होऊन दरवर्षी त्या झाडांना पाणी देत राहिली असती, दरवर्षी फुलाची वाट पाहत.

"अहो, येता का आत?" चंद्रकलेने हाक मारली. "बाईचे पाय धुवा, दिवा लावला."

या मुलखात मामा भाचीच्या पाया पडतो. भाची देवाच्या जागी. स्मिता पाटावर बसली होती, पाय परातीत. श्रावणने तांब्यातून पाणी घातलं, एकेक पाऊल हातांनी धुतलं. टाचेला चिखल वाळलेला होता, तो अंगठ्याने काढला. मग कपाळ टेकवलं आणि त्याला वर होता येईना.

"मामा, उठ नं, गुदगुल्या होते."

"बाई," तो तसाच वाकून म्हणाला, "तुह्या बागेले फूल येनार नाही. कधीच येनार नाही. मीनं मुक्या झाडाचे डोळे भरले. तीनशेही झाडाले. जानून भरले."

केकवरच्या मेणबत्त्या लावायला चंद्रकलेने काडी ओढली होती. ती तिच्या बोटापर्यंत जळत आली तेव्हा तिने टाकली. "त्या झाडाचे?" एवढंच ती म्हणाली. ज्या झाडाला त्याने घरात कधी नाव ठेवू दिलं नाही, तेच त्याने शाप म्हणून वापरलं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

यशवंतराव दारात उभे होते. समजायला त्यांना थोडा वेळ लागला. शेतकरी माणूस, सहा वर्षांचं पाणी, खत, निंदण सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असणार.

"कोनाचा सूड होता हा?"

"तुमचा."

"मंग मले मारायचं होतं! कुऱ्हाड घेऊन यायचं होतं. त्या लेकरायचं काहून वाटोळं केलं तुमी?"

"लेकराईले देसान हे मले काय मालूम?" श्रावणचा आवाज चढला. "तुमी कोनाले काही चांगलं देऊ शकता, हे मले मालूमच नव्हतं!"

दोघंही मोठ्याने श्वास घेत उभे राहिले. मारामारी होईल असं क्षणभर वाटलं. झाली असती तर बरं झालं असतं. स्मिताने परातीतून पाय काढले, मामीने पुढे केलेला टॉवेल न घेता नव्या फ्रॉकलाच पुसले आणि कोपऱ्यात जाऊन चप्पल घातली. मामाकडे तिने पाहिलं नाही.

"पिशवी भर, गुणा," यशवंतराव म्हणाले.

"अन् केक?" गुणवंताने विचारलं. चंद्रकलेने अख्खा केक कागदात बांधून त्याच्या हातात दिला.

फाटकापाशी श्रावणने त्यांना गाठलं. "यशवंतराव, ऐका. झाडं जोडाच्या खालून कापा लागते. जंबेरी पुन्हा फुटंल. थंडीत मी चांगले डोळे भरतो. पाच-सहा वर्षं अजून."

"माह्या बांधावर पाय ठेवून तं पाह्य," यशवंतराव म्हणाले. आजवर ते श्रावणला अहो-जाहो करत आले होते.

तिसऱ्या दिवशी श्रावण पहिल्या बसने करवत घेऊन गेला. यशवंतराव बांधावरच बसले होते, जणू दोन दिवस तिथून उठलेच नव्हते. त्यांनी काठी उचलली नाही. श्रावण पहिल्या झाडाशी बसला. इतकं देखणं झाड त्याने उभ्या जन्मात कापलं नव्हतं. करवत बुंध्यात शिरली तेव्हा मागून आवाज आला.

"लेकरं तुमच्या घरी येनार नाही. तुमी असता तवर या बागेतही नाही."

"कबूल."

"वाढदिवसालेही नाही."

श्रावणची करवत थांबली. मग पुन्हा चालू झाली. "कबूल. पन मीनं तुमाले माफ नाही केलं, यशवंतराव."

"मीनंही नाही."

त्यानंतर दोघांत बोलणं असं झालंच नाही. श्रावण कापायचा; यशवंतराव मोरचूद-चुन्याचा लेप कालवून उघड्या खोडाला फासायचे. दुपारी एक बांधाच्या या टोकाला भाकर खायचा, दुसरा त्या टोकाला. श्रावण पाणी घरूनच न्यायचा. दिवसाला वीस-बावीस झाडं व्हायची. चंद्रकला रोज भाकर बांधून द्यायची, बोलायची मात्र नाही.

दहाव्या-अकराव्या दिवशी रस्त्यावर एक बैलगाडी थांबली. गाडीवरच्या म्हाताऱ्याने कपाळावर हात धरून पाहिलं. अर्ध्याहून जास्त बाग आडवी झाली होती. कालपरवा कापलेल्या झाडांची पानं अजून हिरवीगार होती.

"अबे बाप्पा!" तो ओरडला. "येवढी हिरवी बाग कोन्या नालायकानं कापली?"

यशवंतरावांचा लेपाचा हात थांबला. त्यांनी श्रावणकडे पाहिलं.

श्रावण उठून उभा राहिला, म्हाताऱ्याला नीट ऐकू जावं म्हणून. "मीनं कापली. नासवलीही मीनंच. सौंसरचा श्रावण कलमवाला."

"श्रावण? तो पंच्याण्णव डोळेवाला?"

"हाव. तोच."

म्हातारा जरा वेळ गंमत आहे का पाहत राहिला. मग त्याने बैलांना हाकललं. ही गोष्ट संध्याकाळपर्यंत पांढुर्ण्याच्या बाजारात आणि उद्या सौंसरला पोचणार, हे श्रावणला ठाऊक होतं. त्याने करवतीच्या दातांतला भुसा बोटाने काढला आणि तो पुढच्या झाडाच्या बुंध्याशी बसला.