दोन कॅलेंडरं आणि एक कर्णा

मित्रांनो, गास गावातल्या एका पडवीत पत्र्याचं मोठं धोतऱ्याचं फूल उलटं टांगलेलं दिसेल, ते मी. मी एक जुना कर्णा आहे. माझ्या पोकळीत आता चिमणीचं घरटं आहे आणि कडेचा रंग पोपडे होऊन गळतो. पण मी बोललो की गावच्या गावं कान द्यायची, असेही दिवस मी पाहिले आहेत.

मुंबईतल्या एका लहान कारखान्यात ठोकून, वळवून मला आकार दिला गेला. दिनानाथांनी मला विकत आणलं आणि आपल्या रिक्षाच्या टपावर बांधलं. भात निघालं, थंडी ओसरली की आमचा हंगाम सुरू होई. शिवरात्रीची जत्रा, कबड्डीचे सामने, हौशी मंडळाचं नाटक आणि मग होळी. दिनानाथ गावोगाव रिक्षा फिरवत आणि माइकमधून दिवस, वेळ, ठिकाण सांगत. "दिनानाथने सांगितलं ना? मग झालं," असं लोक म्हणत. ती आमची खरी कमाई होती.

त्या विश्वासामागे शांताबाई होत्या, दिनानाथांची पत्नी. त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीला शेजारी शेजारी दोन खिळे होते. एकावर पंचांगाचं कॅलेंडर, दुसऱ्यावर चर्चचं. चर्चचं कॅलेंडर शेजारची रेजिना दर डिसेंबरात आणून देई. रिक्षा निघायच्या आधी शांताबाई पदराला हात पुसत पडवीत येत आणि विचारत, "दोन्ही बघितलीत का?"

"बघितली गं," दिनानाथ चिडून म्हणत. तरी त्या आत जाऊन स्वतः बघून येत.

दोन हजार चारच्या पावसाळ्यात शांताबाई गेल्या. डिसेंबरात रेजिनाने नेहमीसारखं कॅलेंडर आणून दिलं. ते रबर लावलेलं गुंडाळलेलंच फडताळावर राहिलं. दुसरा खिळा मोकळाच.

मार्चमध्ये होळी आली. दिनानाथांनी एकच कॅलेंडर बघितलं आणि तीन दिवस आम्ही गावं पालथी घातली. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता, गासच्या मैदानावर होळी! सोंगं, ढोल आणि शेजारच्या वाडीचा बँड! बँड रेजिनाच्या भावाचा. तो दरवर्षी येई, त्यामुळे वेगळं विचारायची कधी गरज पडली नव्हती. मी पुऱ्या ताकदीने ओरडलो. मला कॅलेंडर वाचता येत नाही, मित्रांनो. आत जे येतं तेच मी मोठं करतो. चूकसुद्धा.

बुधवारी संध्याकाळी रेजिना दारात उभी राहिली. भाजीची रिकामी टोपली कमरेवर तशीच होती.

"भाऊ, शुक्रवारी आमचा गुड फ्रायडे आहे."

दिनानाथांच्या हातातला कप बशीवर वाजला.

"सहाला क्रूसाची वाट, आमची शोकाची मिरवणूक, त्याच मैदानाच्या कडेने जाते. त्या दिवशी आम्ही घंटादेखील वाजवत नाही. आणि तुम्ही माझ्या भावाचा बँड सांगून आलात?" तिची नजर आत, मोकळ्या खिळ्यावर गेली. आवाज उतरला. "वहिनी असती तर..."

ती टोपली सावरत निघून गेली.

शुक्रवारी एका बाजूने शोक करत, एक शब्दही न बोलता चालणारी माणसं येणार होती. दुसऱ्या बाजूने आमच्या सांगण्यावरून चौदा गावांचे ढोल. दोघं समोरासमोर आले की काय होईल?

मुंबईत नोकरी करणारी त्यांची मुलगी सुरुची तेवढ्यात घरी आली होती. तिने फडताळावरचं कॅलेंडर काढलं, रबर सोडलं, खिळ्यावर अडकवलं. ते पुन्हा पुन्हा गुंडाळलं जात होतं. तिने तळहाताने दाबून धरलं आणि शुक्रवारच्या चौकोनाकडे बघत राहिली.

"बाबा, उद्या मी रजा घेते," ती म्हणाली. "तुम्ही रिक्षा चालवा."

गुरुवारी उजाडताच आम्ही निघालो. होळी सहाला नाही, आठला. मिरवणूक जाईपर्यंत वाद्य वाजवू नका. बँड रविवारी, ईस्टरच्या संध्याकाळी. हे दिनानाथ सांगू शकत होते. पण "चूक माझी झाली" हे शब्द आले की ते माइक तोंडापासून दूर नेत. चौथ्या गावात ते मधेच थांबले. माझ्यातून नुसती खरखर बाहेर पडली. सुरुचीने त्यांच्या हातातून माइक घेतला.

बारा गावं झाली. तेरावं संपताना माझं पोट फाटलं. चार दिवस सलग ओरडून आतला पडदा तडकला होता. मी खरखरलो आणि गप्प झालो. दुरुस्तीला वेळ नव्हता आणि चौदावं गाव, जूचंद्र, अजून बाकी होतं. सगळ्यात मोठं ढोलपथक तिथलंच.

तिथे सुरुचीने खाली उतरून, मोकळ्या आवाजात, गल्लीगल्लीत सांगितलं. पथकाचे म्होरके शांतारामदादा पारावर बसले होते.

"परवा सहा, आज आठ. होली काय तुमचे घड्यालावं पेटते?" ते म्हणाले. पारावरची माणसं हसली. "आन् कर्णा मुका झाला म्हून पोरीला पाठवलास, दिनानाथ?"

"चूक आमची आहे, दादा," सुरुची म्हणाली. "सहाला ढोल नको. एवढंच मागायला आले."

शांतारामदादांनी तंबाखू मळली. "बघू."

परत येताना सुरुची पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होती.

शुक्रवारी पावणेसहाला आमची रिक्षा मैदानाच्या कोपऱ्यावर उभी होती. मिरवणूक वळणावर दिसली. पुढे लाकडी क्रूस, मागे माणसं, फक्त पावलांचा आवाज. तेवढ्यात हमरस्त्याच्या बाजूने टेम्पो आला. हौद्यात ढोल, ढोलांवर माणसं. दिनानाथ धावत रस्त्यात गेले आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले. तीस वर्षं आवाजावर काढलेला माणूस आता नुसत्या हातांनी सांगत होता.

टेम्पो थांबला. शांतारामदादा उतरले. तेव्हा मला दिसलं, ढोलांवर गोधड्या घातलेल्या होत्या.

"आठला होली, तर आत्ता कशाला?" सुरुचीने विचारलं.

"पहिला सांगना साऱ्यांनी ऐकला, दुसरा कोनी ऐकला नसंल," ते हळूच म्हणाले. "आमचा ढोल नाय वाजला तरी दुसऱ्याचा वाजंल. म्हून आलू, इथं उभं रहाया."

आणि ते उभे राहिले. मिरवणूक जाईपर्यंत आणखी दोन पथकं आली. शांतारामदादांनी ओठांवर बोट ठेवून दोन्ही थांबवली. ढोल खाली, टोप्या हातात. रेजिना त्यांच्यासमोरून गेली. तिने कोणाकडे बघितलं नाही. फक्त आमच्या रिक्षाजवळ पोचल्यावर चालता चालता टपाच्या दांडीला हात लावला.

आठ वाजता होळी पेटली. रविवारी बँड वाजला. माझा पडदा नंतर बदलला गेला, पण थोड्याच वर्षांत स्पीकरचे मोठाले काळे डबे आले आणि मला इथे टांगलं. दिनानाथही गेले.

मित्रांनो, माझा गंज घासा, असं मी म्हणणार नाही. चिमणीला राहू द्या. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात निघताना टोकणारं कोणी असेल, तर त्यांच्यावर चिडू नका. आवाज मोठा करणं सोपं असतं. तो खरा ठेवणारं माणूस बहुतेक वेळा आत, स्वयंपाकघरात असतं.

सुरुची अजून दर डिसेंबरात इथे येते. दोन्ही कॅलेंडरं दोन्ही खिळ्यांवर लावते. मग त्या रिकाम्या घरात पडवीपर्यंत येते, माझ्याखाली उभी राहते, पुन्हा आत जाते आणि एकदा बघून येते.