सीलवाल्या मावशी आणि मेजर

मेजर सैन्यात कधीच नव्हते. आवाज तसा होता म्हणून लोकांनी नाव ठेवलं आणि त्यांनीही ते आनंदाने मिरवलं. घरामागच्या आवारात ते कुत्र्यांची शाळा चालवत. 'बस' म्हटलं की कुत्रं बसलं पाहिजे. नाही बसलं तर गळ्यातल्या साखळीला हिसका, तरीही नाही बसलं तर त्याहून मोठा हिसका. त्यांच्या वडिलांनी कुत्रीही तशीच शिकवली होती आणि मुलंही, त्यामुळे दुसरा काही मार्ग असेल अशी शंकाही मेजरांना कधी आली नव्हती. कुत्री शिकत, मालक खूश होत. फाटक जवळ आलं की बरीचशी कुत्री पोटाखाली शेपूट घालून पाय रोवत, पण शाळेत जाताना कोण हसतं, असं म्हणून मेजर तो विषय उडवून लावत.

त्या वर्षी त्यांच्या बायकोच्या मावशी राहायला आल्या. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, घरी एकट्या, म्हणून भाचीने हट्टाने आणलं. मावशींची सगळी नोकरी मत्स्यालयात झाली होती. तिथल्या सीलना, म्हणजे त्या मिशाळ, गुळगुळीत पाणप्राण्यांना त्या शिकवत. चेंडू तोलायला, दात दाखवायला, डॉक्टर आला की मुकाट्याने सुई टोचून घ्यायला. मारझोड न करता जनावर शिकवणाऱ्या त्या काळात त्या एकट्याच, आणि बाकीच्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. मेजरांच्या लेखी मावशी म्हणजे माशांच्या बादल्या उचलणारी बाई, बस.

मावशींची खुर्ची मागच्या व्हरांड्यात ठेवली होती. आठवडाभर त्या शिकवणी बघत होत्या आणि काहीच बोलत नव्हत्या. मेजरांना ते बोलण्यापेक्षा जास्त टोचायचं.

मग एका सकाळी चौकातला चष्मेवाला, महिनाभर शाळेत येत असलेल्या आपल्या भोपळ्याला घेऊन आला. भोपळ्या म्हणजे एक अवाढव्य तपकिरी कुत्रा. फाटक दिसताच तो धान्याच्या पोत्यासारखा आडवा झाला. चष्मेवाल्याने ओढलं, मेजरांनी ओढलं, दोघांनी मिळून ओढलं. पोतं तसूभर सरकलं आणि पुन्हा पसरलं.

"जावईबापू," व्हरांड्यातून मावशींनी विचारलं, "सील पाण्यात असला तर त्याला कुठून ओढायचं?"

"मावशी, हा सील नाही. कुत्रा आहे," मेजर घाम पुसत म्हणाले.

"तेच तर. बिचाऱ्याला बुडी मारून निघून जायची सोय नाही."

मावशींनी भाचीकडून उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे मागवले, साखळी सोडायला लावली आणि वॉकर टेकत फाटकाच्या आत येऊन उभ्या राहिल्या. भोपळ्याने मान उचलली, तशी त्यांनी टाळूला जीभ लावून 'टक्' केलं आणि एक तुकडा टाकला. त्याने पंजा पुढे सरकवला. पुन्हा टक्, पुन्हा तुकडा. चष्मेवाला चष्मा पुसून पुसून बघत राहिला. थोड्याच वेळात भोपळ्या फाटकाच्या आत, मावशींच्या पदरात नाक खुपसून उभा होता.

"ही लाच झाली," मेजर म्हणाले.

"लाच आधी देतात, जावईबापू. काम झाल्यावर मिळतो तो पगार."

त्या दिवशी मेजर व्हरांड्याकडे पाठ करून जेवले. रुसवा दोन दिवसांतही निवळेना, तेव्हा बायकोनेच एक खेळ सुचवला. लहानपणी मावशी तिच्याशी खेळायच्या, तोच.

रविवारी सगळे मालक जमले. मेजरांना बाहेर पाठवून आत एक काम ठरवलं गेलं: त्यांनी पालथी बादली सुलटी करायची. काम कुणी सांगणार नव्हतं, त्यांनी ओळखायचं. पहिली पाळी बायकोची. मेजर खुर्चीकडे गेले. "चूक!" ती नवऱ्याच्याच आवाजात ओरडली. नळाला हात लावला. "चूक!" दाराकडे वळले, बाकाकडे वळले, जागच्या जागी वाकले. चूक, चूक, चूक. सुरुवातीला लोक हसत होते. मग मेजर आवाराच्या मधोमध हात बांधून उभे राहिले आणि हलेनाच. कानशिलं तापली होती. इथून निघून सरळ घरी जावं असं त्यांना वाटलं, आणि मग ध्यानात आलं की आपण घरीच आहोत. हसणंही एव्हाना थांबलं होतं.

दुसरी पाळी मावशींची, काम नवीन. मेजर बिचकतच शिरले. मान डावीकडे वळली मात्र, टक्! आणि मावशींनी लिंबाची गोळी फेकली. पाऊल टाकलं, टक्! मेजरांचा चेहरा उजळत गेला. ते कुंड्यांपाशी पोचले, झारी उचलली, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी बायकोच्या गुलाबांना पाणी घातलं. टाळ्या पडल्या. बायको डोळे पुसून हसत होती. मेजर गोळी चघळत झारी धरून उभे होते आणि आणखी काय करू म्हणून मावशींकडे बघत होते.

मग ते भोपळ्यापाशी जाऊन बसले. त्याच्या मानेवरून हात फिरवत म्हणाले, "मला पाचच मिनिटं झाली रे. तू महिनाभर कसं सोसलंस?"

शिकणं सोपं नव्हतं. मेजरांची टक् नेमकी उशिरा वाजायची. भोपळ्या बसायचा, मग शिंकायचा, आणि शिंकेवर टक् पडायची. परिणामी 'बस' म्हटलं की तो मनापासून शिंकू लागला. मावशी हसून हसून खुबा धरायच्या, पण चुकीबद्दल अवाक्षर काढत नसत. वेळ जमली की मात्र न चुकता म्हणत, "हां, अस्सं." या दोन शब्दांसाठी मेजर दिवसभर राबत.

मावशी धडधाकट चालत आपल्या घरी गेल्या तोवर कुत्री मालकांना ओढत फाटकातून आत आणू लागली होती. शेजारच्या गावात कुत्री शिकवणारा एक जण टिंगल करायला आला होता, तो तीन आठवडे राहिला. त्याच्याकडून आणखी चौघे शिकले. अग्निशमन दलाने आपली शोधकुत्री पाठवली. काही वर्षांत अशी अवस्था झाली की दूरदूरची माणसं टाळूला जीभ लावून टक् करत होती आणि मावशींचं नावही त्यांनी ऐकलं नव्हतं.

मेजरांना ते खटकायचं. मावशी एकदा पुन्हा पाहुण्या म्हणून आल्या, त्या दिवशी बाकावर त्यांच्याशेजारी एक नवी शिकाऊ मुलगी बसली होती. आजींना कंटाळा येऊ नये म्हणून ती त्यांना समजावत होती की कुत्र्याला ओढायचं नसतं, त्याचं काय बरोबर आलं ते तिथल्या तिथे कळवायचं असतं. मेजर लगबगीने पुढे झाले, या बाई कोण आहेत ते सांगायला. मावशींनी त्यांना हातानेच थांबवलं आणि मुलीकडे सरकून बसल्या.

"छान सांगतेस गं," त्या म्हणाल्या. "मग? पुढे काय करायचं?"