चोरिझो आणि बोंबील

“घरात आतड्यांचं तोरण बांधलंस रे, बदरू,” ताजबी आपा दारात नाक धरून म्हणाली.

“बीफ आहे, आपा. हलाल.”

“रूप तर डुकराचंच ना.”

माझे मिस्टर बदरुद्दीन, तिचे धाकटे भाऊ, सुताची गाठ आवळत राहिले. घर आपाच्या मुलाचं, आम्ही आश्रित. दुबईतल्या त्या मंदीत रास अल खोरचा मांसाचा कारखाना बंद पडला, तिथे हे चोरिझो करायचे. स्पेनकडचा सुकवलेला सॉसेज. जाडसर कापलेलं मांस आणि चरबी, मीठ, लसूण, धुरावलेल्या लाल मिरचीची पूड मळून मुरवायची, आतड्यात भरायची, सुईने टोचून हवा काढायची आणि सुताने बांधून थंडाव्यात हळूहळू सुकवायचं. व्हिसा संपत आला होता. एका हॉटेलचा शेफ म्हणाला होता, नमुना पसंत पडला तर नोकरी देतो. म्हणून चोरिझो आमच्या खोलीत टांगून, एसी लावून, हवा कोरडी पडू नये म्हणून ओले टॉवेल पसरून, आम्ही कुडकुडत निजत होतो.

“माणसं हॉलमध्ये उकडतायत आणि सॉसेजला एसी,” आपाचं जेवताना रोज सुरू. “रत्नागिरीत बोंबील कसे वाळायचे गो, भाबी? एसीत?”

“ते बोंबील होते, आपा.”

“हो. आणि घरात कमावते पुरुष होते.”

यांनी ताटातच हात धुतला.

शेफकडे जायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, हे नमाजाला गेले आणि मी बकाल्यात, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे, सामान आणायला. परतलो तर खोली रिकामी, एसी बंद. सगळे चोरिझो गच्चीवर दोरीला, जूनच्या उन्हात. आपा डोक्यावर पदर ओढून, हातात काठी घेऊन कावळे हाकत बसली होती.

“संध्याकाळपर्यंत खडखडीत होतील,” ती म्हणाली. “उगाच महिना घालवलास.”

“वरून कडक झालं की आतलं पाणी आतच अडकतं, आपा. कुजतं ते,” हे म्हणाले.

“मला वाळवण शिकवू नको.”

दुसरा नमुना नव्हता. हे तोच घेऊन गेले. शेफने सुरी चालवली. बाहेरून लाकूड, आत करडा चिखल. त्याने खिडकी उघडली.

घरी येऊन यांनी एकेक गाठ सोडवली, एकही कापली नाही. सूत गुंडाळून बॅगेत ठेवलं. व्हिसा संपला, आम्ही गावी निघालो. विमानतळावर आपा रडली. यांनी तिला सलाम केला आणि बॅग उचलली.

अजून ती उन्हाळ्यात रत्नागिरीला येते. तिला आवडतात म्हणून हे अंगणात त्याच सुतावर बोंबील वाळत घालतात आणि काठी घेऊन बसतात. ती शेजारी खुर्ची ओढते. हे कावळ्यांकडे बघत राहतात.