घर लहान असेल तर

सुताराने कोकराच्या मोडक्या पायाला सरस लावला आणि वरून दोरा आवळायला घेतला. चर्चच्या वेदीसाठी केलेलं लाकडी कोकरू. काम संपत आलं होतं आणि पटाशी घसरली. बायको गेल्यापासून हात असाच चुकत होता.

शेजारचे म्हातारे घड्याळजी दारात येऊन उभे राहिले. हातात झाकलेलं पातेलं. ते ज्यू, पण चर्चचं काम बघायला रोज यायचे आणि रोज नावं ठेवायचे.

"कोकरू आहे का कुत्रं?"

"फादरना आवडलंय, काका."

"त्यांना काय, लांबून बघायचंय! पण पाय मोडलास की रे. आमच्या ग्रंथात ताकीद आहे, बळीच्या कोकराचं हाड मोडायचं नाही."

"आमच्यातही तेच. येशूला क्रुसावर मारलं, पण हाड एकही मोडलं नाही. म्हणून तो देवाचं कोकरू. सगळ्यांसाठी एकदाच बळी गेला, फादर म्हणाले." सुताराने गाठ मारली. "तिला पुरताना म्हणाले."

घड्याळजींनी स्टूल ओढलं.

"जेवलास?"

"जेवलो."

शेगडीवर भुसा साचला होता. दोघांनाही तो दिसत होता.

"मिसर देशातल्या गुलामीतून सुटायच्या रात्री आमच्या लोकांनी कोकराचं रक्त दाराला लावलं," घड्याळजी म्हणाले, "आणि मरण दारावरून पुढे गेलं. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या आधीचं कुणी सांगत नाही."

"काय?"

"घर लहान असेल, अख्खं कोकरू संपणार नसेल, तर शेजाऱ्याला बरोबर घ्यायचं. हुकूमच आहे तसा."

"माझ्या दारावरून नाही गेलं पुढे."

"नाही गेलं."

घड्याळजींनी पातेल्यावरचं झाकण सारखं केलं. ते नीटच होतं. मग गुडघ्यावर हात टेकून ते उठायला लागले.

"बसा," सुतार म्हणाला.

त्याने बाकावरचा भुसा हाताने लोटला. आतून दोन ताटल्या आणल्या. खालची बरेच दिवस निघाली नव्हती, ती त्याने सदऱ्याला पुसली आणि क्षणभर तशीच धरून उभा राहिला. मग घड्याळजींसमोर ठेवली.

घड्याळजी वाढता वाढता थांबले.

"मीठ कमीजास्त असेल बरं का," ते ताटलीकडे बघत म्हणाले. "दोघांचं करायचा अंदाज राहिलेला नाही."