तीनशे वीस पेट्या, एक शेड

मी एक जुनी फोर्कलिफ्ट आहे, जड माल उचलणारी गाडी. मित्रांनो, माल उचलायचे माझे दोन्ही लोखंडी दात आता वाकले आहेत. आडोशाला उभी असते, आणि मला कुणी कामाला लावत नाही.

कारखान्यातून मी थेट सैन्याच्या कोठारात आले. तिथल्या प्रत्येक लांब पेटीत शत्रूचे क्षेपणास्त्र आकाशातच पाडणारे एक क्षेपणास्त्र असे. शेजारच्या शहराची सारी भिस्त त्यांच्यावर होती. माझ्या चालकाला सगळे मामा म्हणत. त्यांची लेक त्याच शहरात नांदत होती, म्हणून ते प्रत्येक पेटी तान्ह्या बाळासारखी खाली ठेवत. नियम साधा होता. आठ खोल्या, प्रत्येकीभोवती मातीचा बांध, एका खोलीत चाळीसच पेट्या. एक खोली गेली तरी सात उराव्यात.

मग लढाई पेटली आणि त्यातच वरून तपासणी आली. मोठ्या साहेबांना सगळा साठा एका नजरेत दिसावा, म्हणून कोठारप्रमुख बाईंनी तीनशे वीस पेट्या एकाच मोठ्या शेडमध्ये रचायला सांगितल्या.

मामा म्हणाले, "बाई, एका ठिणगीचं काम आहे हे."

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, मामा. पाहुणे गेले की परत लावू."

"पाहुणे जातात हो, पसारा राहतो. आणि ही म्हातारी तेल गाळतेय. चार महिने झाले, तेल अडवणारं नवं सील मागतोय मी."

"म्हातारीला नवा रंग दिलाय की!"

"रंगानं गुडघे बरे होतात होय?"

बाई हसल्या. मामाही हसले आणि त्यांनी मला सुरू केले. त्या पेट्या मीच रचल्या, मित्रांनो, अगदी सरळ रांगेत. साहेबांनी शाबासकी दिली.

परत नेताना अकराव्या पेटीनंतर माझा दम संपला. तेल जमिनीवर सांडले, दात खाली बसले ते उठेनात. मेकॅनिक सोमवारी येणार होता. बाईंना चैन पडेना. रविवारी त्यांनी आठ जवान बोलावले, स्वतः बाह्या सरसावल्या आणि हाताने पेट्या हलवायला घेतल्या. दुपारपर्यंत नऊ हलल्या. तेवढ्यात भोंगा वाजला. माणसे खंदकात पोहोचली आणि शेडवर शत्रूचे क्षेपणास्त्र आदळले. माणसे सगळी वाचली. पेट्या उरल्या त्या खोल्यांत परत पोहोचलेल्या वीसच.

सोमवारी सकाळी शहरावर हल्ला झाला. वीस क्षेपणास्त्रे आपल्या लोकांनी हवेतच पाडली. एकविसाव्याला अडवायला काही शिल्लक नव्हते. ते मामांच्या लेकीच्या गल्लीत पडले. लेक कामावर गेली होती. तिची सासू आणि दोन शेजारणी घरात होत्या.

आठवड्याने बाई माझ्यापाशी आल्या. मामा चाकाला टेकून बसले होते.

"मामा, तुमचं ऐकायला हवं होतं मी."

मामा म्हणाले, "मी तरी कुठं अडून बसलो, बाई? एकदा बोललो, विनोद केला आणि चावी फिरवली."

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राला नको म्हणता येत नाही. चावी फिरवली की आम्ही चालतो. चूक दिसत असेल तर ती चावी खिशात ठेवा. बाई रागावल्या असत्या, मोठे साहेबही रागावले असते. पण त्या तिघीजणी आज असत्या.