कंडक्टरची खुर्ची

अलेक्झांड्रियाच्या ट्राममध्ये बयूमीने उभ्या उभ्या हाडं झिजवली. कंडक्टरने बसायचं नाही, हा नियम. अर्धी बाकं रिकामी असोत, तपासनीसाने बसलेलं पाहिलं की पगार कापलाच. म्हणून निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्या लोकांनी त्याला वेताची, हातांची खुर्ची दिली तेव्हा या गड्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ती खुर्ची डोक्यावर घेऊन चार मजले चढवली फतहल्लाने.

फतहल्ला त्याच्याच गाडीचा ड्रायव्हर. त्याचा जन्म बसण्यात गेला होता, म्हणून निवृत्त झाल्यावर तो समुद्राकाठाने रोज चालत सुटला. बयूमी बाल्कनीत त्या खुर्चीत बसला, तो बसलाच. सुरुवातीला भाकरीसाठी तरी खाली जायचा. पण टोपली होतीच की. दोरीला बांधून खाली सोडायची, दुकानदार भाकरी, कांदे, शिजवलेला बाकला घालणार, वर ओढून घ्यायची. पुढे पुढे दोरीही बायकोच ओढू लागली. नवऱ्याने पाण्याचा पेला स्वतः उचलला तर शेजारणी नावं ठेवतील, अशा वळणाची ही इन्साफ. "तुम्ही हलू नका हो, आयुष्यभर उभे राहिलात," म्हणायची आणि पाठीला उशी लावायची. बाईने जीव लावून माणूस पांगळा केला आणि त्याने तो मजेत करून घेतला. दोष कुणाला द्यायचा!

फतहल्लाला हृदयाचा झटका येऊन गेला आणि डॉक्टरने त्याला जिने बंद केले. तेव्हापासून दोघांच्या गप्पा रस्ता ते चौथा मजला अशा चालायच्या. सगळी गल्ली ऐकायची.

"बयूमी! उतर की लेका खाली! लाटा बघ कशा उसळतायत!"

"तू ये वर. चहा टाकलाय."

"मला डॉक्टरने जिना बंद केलाय. तुला रे कुणी केलाय?"

"तुझं बसून झालंय, माझं उभं राहून झालंय. फिटंफाट!"

"वहिनी, या पोत्याला टोपलीत घालून सोडा खाली!"

गल्ली खो खो हसायची. चहाचा पेला टोपलीतून खाली जायचा, फतहल्ला तिथेच उभ्याने तो प्यायचा आणि रिकामा पेला वर पाठवायचा.

एका संध्याकाळी मात्र त्याने थट्टा केली नाही. "बयूमी, ऐक. मला मुलगा नाही, भाऊ नाही. जावई आखातात. मी गेलो तर कबरीत मला तू उतरवायचंस. परक्याचे हात नकोत."

"अरे, तोंड आवर."

"शब्द दे."

"दिला बाबा, दिला."

"मग उद्यापासून एकेक मजला उतरायला लाग. मला कामाचे पाय हवेत, नुसता शब्द नको."

बयूमीने खरंच मनावर घेतलं. पण दुसऱ्या दिवशी वारा होता, नंतर गुडघा ठणकला, मग रमजान आला. एकदा तर दाराबाहेर पडून त्याने कठडाही धरला. "पडाल हो!" इन्साफ ओरडली आणि तो सुटल्यासारखा परत फिरला.

ईदनंतर एका सकाळी कॉफीवाला शौकी खालून ओरडला, "बयूमीकाका, फतहल्लाकाका गेले! दुपारच्या नमाजानंतर नेणार आहेत!"

बयूमीने बूट मागितले. सुजलेले पाय त्यांत जाईनात. त्याने सपाता चढवल्या.

"अहो, चार मजले आहेत..."

"शब्द दिलाय मी."

एक मजला उतरला. पुढच्या जिन्यावर मांड्या थरथरू लागल्या. धावत्या ट्राममध्ये कशाला न धरता तिकिटं फाडताना रोवून उभे राहायचे, तेच हे पाय! दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याचे गुडघे दुमडले आणि तो पायरीवर बसला. इन्साफने बखोटीला धरून ओढलं, तो जागचा हलेना. तिने शेजाऱ्यांची दारं ठोठावली. पुरुष सगळे मशिदीत गेले होते.

थोड्या वेळाने "ला इलाह इल्लल्लाह" ऐकू आलं. जनाजा मुद्दाम या गल्लीतून आणला होता. तो खाली इमारतीच्या दाराशी थांबला.

"खुर्ची रिकामी दिसतेय," कुणीतरी म्हणालं.

"मग म्हातारा पुढे गेला असेल. शब्द दिला होता ना त्याने!" हा शौकीचा आवाज.

हाक मारायला इन्साफने तोंड उघडलं. बयूमीने तिच्या तोंडावर हात दाबला. त्याला या अवस्थेत कुणी बघायला नको होतं. आयुष्यात इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती, आणि त्या लाजेनेच घात केला. मयताला ताटकळत ठेवत नाहीत. खांदे पुढे निघाले, आवाज लांब गेला.

दफन करून माणसं परतली ती इन्साफच्या हाकेने वर आली. दोघांनी बाल्कनीतली खुर्ची खाली आणली, त्याला बसवलं आणि चौघांनी चार पाय धरून उचललं. शौकीच्या नखांत अजून माती होती.

"कुणी उतरवलं त्याला?" बयूमीने विचारलं.

"कबर खोदणाऱ्याने." शौकीने मान वर केली नाही. "आम्ही कबरीपाशी बरीच वाट पाहिली, काका."

त्यांनी खुर्ची बाल्कनीत होती तिथे ठेवली. इन्साफने पाठीला उशी लावली. बयूमीने ती लावू दिली.