आबांचं खासगी

"पासवर्ड काय ठेवू, आबा?" मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"हिरा ठेव. कुणाला संशय येणार नाही."

हे आबांच्या मते कुजबुजणं. प्रत्यक्षात कर्वेनगरच्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला पासवर्ड कळला असणार. हिरा म्हणजे माझी आजी. ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "आधारचा नंबरही सांगून टाका."

आबांना ते पोचलं नाही. त्यांना डायरी लिहायची होती आणि ती कॉम्प्युटरवरच हवी होती. वही कुठंही लपवली तरी आजीला सापडते आणि कपाटाला कुलूप लावलं तर किल्ली तिच्याच कमरेला!

मी दहावीत असले तरी घरातली आयटी कंपनी मीच. पण आबा एका बोटानं टाइप करायचे. एक 'क्ष' शोधताना त्यांना घाम फुटला. शेवटी मी माइकचं बटण दाखवलं. "आबा, नुसतं बोला. आपोआप लिहिलं जातं."

मला वाटलं, काय भारी आयडिया दिली मी!

संध्याकाळी आबांनी खोलीचं दार लावलं. आणि आतून खणखणीत आवाज आला, "आज भेंडी चिकट झाली होती. बोललो नाही. घरात शांतता राहावी."

आईनं हसू दाबायला तोंडात पदर कोंबला. आजी म्हणाली, "बरं झालं कळलं. उद्या कारलं करते."

मग हे रोजचंच झालं. माझ्या नव्या हेअरकटवर, बाबांच्या पोटावर, सगळ्यांवर मतं. मला मात्र कसंतरी व्हायला लागलं. डायरी म्हणजे खासगी ना? "मी सांगून टाकते त्यांना," मी म्हणाले.

आजीनं माझा हात धरला. "गप्प बस. जन्मभर 'हूं'च्या पुढं गेला नाही हा माणूस. आता बोलतोय तर बोलू दे."

आबा पाणीपुरवठा खात्यात होते. पहाटे, रहदारी सुरू व्हायच्या आत, रस्त्याला लोखंडी गज टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचं आणि जमिनीखालचा पाइप कुठं गळतोय ते ऐकायचं. कसबा पेठेतल्या कितीतरी गळत्या त्यांनी अशाच पकडल्या. आजी हे लोकांना सांगायची. आबा कधीच नाही.

एका शनिवारी दाराआडून आवाज आला तो थोडा हळू होता. तरी आला.

"बुद्धविहारात वंदना चालते ती मला ऐकू येत नाही. शेजारच्याचे ओठ बघून माझे हलवतो. मागच्या रविवारी सगळे मध्येच होते आणि मी एकटाच मोठ्यांदा शेवटचं साधु, साधु, साधु म्हणालो. पोरं हसली. ज्या कानांवर नोकरी केली, तेच गेले. हिराला कळता कामा नये. तिला माझ्या कानांचा फार अभिमान. उद्यापासून विहारात जाणं बंद. गुडघ्याचं कारण सांगेन."

आई माझ्याकडं बघत राहिली. मी आजीकडं. आजी पोळी लाटत होती. ती लाटतच राहिली.

सकाळी आबांनी गुडघा काढला. आजी म्हणाली, "माझेही दुखतायत. दोघं रिक्षानं जाऊ. उठा."

विहारात बायका एका बाजूला बसतात, पुरुष दुसऱ्या. आजी तडक पुरुषांच्या बाजूला गेली आणि भिंतीला टेकून आबांच्या शेजारी बसली. तायडे काकू बघायला लागल्या, तशी म्हणाली, "तिकडं भिंत नाही, बाई."

वंदना सुरू झाली. आजीनं आबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. प्रत्येक ओळीला एकदा बोट टेकवायची. आबांना शब्द लहानपणापासून पाठ, त्यांना फक्त लय हवी होती. पहिल्या दोन ओळी ते गोंधळले. मग डोळे मिटले आणि त्यांचा तो खणखणीत आवाज सगळ्यांच्या बरोबर, अगदी बरोबर लागला. साधु, साधु, साधुसुद्धा.

संध्याकाळी दार लागलं.

"आज हिरा माझ्याशेजारी बसली. वर गुडघ्यावर बोटं वाजवत होती. चारचौघांत! या वयात काय सुचतं कुणास ठाऊक." मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "पुढच्या रविवारी लवकर जाऊन भिंतीजवळची जागा धरली पाहिजे."

बाहेर आजी लसूण सोलत होती. मान वर न करता आईला म्हणाली, "कल्याणी, टीव्हीचा आवाज वाढव गं जरा. त्यांचं खासगी चाललंय."